फ्रीजर गार होत नाही? गॅस भरण्याआधी चोवीस तास थांबा

प्रश्न थोडक्यात असा आहे. चिपळूणजवळ राहणाऱ्या एका ताईंकडे सात वर्षांचा डबल डोअर, फ्रॉस्ट फ्री फ्रीज आहे, २५० लिटरच्या आसपासचा. १ जूनपासून यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद होणार म्हणून मेअखेर त्यांनी वरचा फ्रीजर सुरमई, कोळंबी आणि आमरसाच्या डब्यांनी गच्च भरला. आता आठ दिवस झाले, खालच्या कप्प्यातलं दूध संध्याकाळपर्यंत नासतं आणि आईस्क्रीम नुसता चमचा लावला तरी निघतं. बर्फाच्या ट्रेमध्ये बर्फ मात्र होतो. मध्यंतरी आतून खरखर आवाज यायचा, तोही थांबलाय. मेकॅनिक आला, पाच मिनिटं बघितलं आणि म्हणाला, गॅस गेलाय, साडेतीन हजार होतील. ताई विचारतात, भरून घेऊ का?

ताई, साडेतीन हजार तूर्त कपाटातच राहू द्या. मी हे काम तीसेक वर्षं करतोय. खालचा भाग आधी बिघडला, मग खरखर झाली आणि मग खरखर बंद पडली, हा क्रम वाचला की मला गॅसच्या आधी दुसराच रोग आठवतो.

गॅसचं आधी सांगतो. "गॅस गेला" हे आमच्या धंद्यातलं "वात झालाय" आहे. कुठेही दुखलं की तेच निदान. फ्रीजमधला गॅस स्कूटरच्या पेट्रोलसारखा जळून संपत नाही. तो बंद नळ्यांमधून फिरतो आणि तोच गॅस वीस वर्षंही फिरत राहू शकतो. कमी झाला असेल तर नळीला कुठेतरी भोक आहे, आणि ते भोक न शोधता नवा गॅस भरला तर तोही त्याच वाटेने जाणार. म्हणून जो माणूस "गॅस गेला" म्हणतो त्याला पहिला प्रश्न विचारायचा: कुठून गेला?

दुसरी फसवणूक बर्फाची. "बर्फ होतोय म्हणजे फ्रीजर ठीक आहे" हे मी रोज ऐकतो. पाणी शून्य अंशाला गोठतं आणि फ्रीजर हवा उणे १८ ला. उणे ५ ला आलेला फ्रीजरसुद्धा बर्फ करून देतो, थोडा वेळ जास्त घेतो इतकंच. आईस्क्रीम मात्र उणे दहा-बाराच्या वर आलं की ढिलं पडायला लागतं, त्यामुळे तुमच्या घरातला खरा थर्मामीटर तेच आहे. तरी एक वायरवाला डिजिटल थर्मामीटर घ्याच. त्याचं टोक हवेत लोंबकळत ठेवू नका, दार उघडलं की आकडा उड्या मारतो. माशाच्या दोन पाकिटांच्या मधे खोचून रात्रभर ठेवा आणि सकाळी दार उघडायच्या आधी वाचा.

आता तुमच्या फ्रीजमध्ये बहुधा काय झालंय ते. फ्रॉस्ट फ्री फ्रीजमध्ये थंडी तयार होते एकाच ठिकाणी, फ्रीजरच्या मागच्या भिंतीआड लपलेल्या नळ्यांच्या वेटोळ्यावर, म्हणजे कॉईलवर. तिथे एक छोटा पंखा असतो. तो हवा कॉईलमधून ओढतो, बरीचशी फ्रीजरमध्ये सोडतो आणि उरलेली एका वाटेने खाली पाठवतो. खालच्या कप्प्याला स्वतःची अशी थंडी नाहीच, तो वरून येणाऱ्या हवेवर जगतो. दर वेळी दार उघडलं की बाहेरची दमट हवा आत शिरते आणि तिच्यातलं पाणी कॉईलवर हिमासारखं बसतं. कोकणातला जून म्हणजे या बाबतीत कहर. हे हिम वितळवण्यासाठी कॉईलखाली एक हीटर असतो. कॉम्प्रेसर आठ-बारा तास चालला की फ्रीज स्वतःच थंडी थांबवतो, वीस-तीस मिनिटं हीटर लावतो, पाणी मागच्या नळीतून कॉम्प्रेसरवरच्या ट्रेमध्ये जातं आणि तिथल्या गरमीने उडून जातं. आपल्याला यातलं काही कळत नाही.

हा हीटर लागायचा बंद झाला की हिमावर हिम चढतं. मागचं झाकण काढून बघितलं तर कॉईल दिसतच नाही. दिसते एक पांढरी लादी, वरच्या कडेला पंख्याच्या पात्याने गोल घासलेली. तुमची खरखर तीच होती, पातं बर्फाला घासत होतं. नंतर बर्फ आणखी वाढला आणि पातं अडकलं, म्हणून आवाज गेला. लोकांना वाटतं आवाज आपोआप बरा झाला. बरा कसला, पंखाच थांबला. थंडी तयार होतेय, पण ती लादीच्या आतच राहतेय. फ्रीजर कॉईलला चिकटून असल्यामुळे त्याला थोडीफार थंडी लागते आणि बर्फ होतो. खालच्या दुधापर्यंत काहीच पोचत नाही.

अर्धा गॅस गेला तरी लक्षणं जवळजवळ अशीच दिसतात, हेही खरं. त्यामुळे पाच मिनिटांत चुकलेल्या मेकॅनिकला मी लगेच लबाड म्हणणार नाही. दोन्हींत फरक करायची घरगुती परीक्षा आहे. तिला पैसे लागत नाहीत, वेळ लागतो.

फ्रीज पूर्ण रिकामा करा. प्लग काढा, नुसता नॉब शून्यावर नेऊन भागत नाही. दोन्ही दारं सताड उघडी ठेवा आणि खाली जुनी चादर, गोधडी काय असेल ते अंथरा. पूर्ण चोवीस तास. चार-पाच तासांनी आत कोरडं दिसतं, लोकांना वाटतं झालं. मागची लादी तशीच असते, ती सावकाश विरघळते. घाई म्हणून सुरी, स्क्रू-ड्रायव्हर घालू नका, उकळतं पाणी ओतू नका. समोर टेबलफॅन लावला तर चालेल. कॉम्प्रेसरवरचा ट्रे भरून वाहतो, त्यावर लक्ष ठेवा. मग पुसून कोरडं करा, रिकामाच चालू करा, दारं बंद ठेवा आणि दुसऱ्या दिवशी थर्मामीटर बघा.

फ्रीजर उणे १६-१८ पर्यंत गेला आणि खाली ३-४ अंश आले, तर गॅस शाबूत आहे. गेलेला गॅस बर्फ वितळवल्याने परत येत नाही, एवढा साधा न्याय आहे. पुढे फ्रीज आठ-पंधरा दिवस नवा असल्यासारखा चालेल आणि पुन्हा तेच रडगाणं सुरू होईल. तसं झालं की हीटरच्या साखळीत बिघाड आहे हे पक्कं. याला एक अपवाद आहे. नळीच्या आत ओल राहिली असेल तर ती कॅपिलरी नावाच्या केसासारख्या बारीक नळीत गोठून गॅस अडवते, आणि फ्रीज बंद ठेवल्यावर तीही सुटते. पण ती पुन्हा अडकते काही तासांत नाहीतर एक-दोन दिवसांत, आणि हा रोग बहुतेक वेळा पूर्वी नळ्या उघडलेल्या फ्रीजला होतो. तुमचा कधी उघडला नसेल तर तिकडे जाऊ नका.

या साखळीत असतं काय? हीटर, त्याला चालू-बंद करणारा बायमेटल, जास्त तापलं तर तुटणारा थर्मल फ्यूज, आणि वेळ सांभाळणारा टायमर. नव्या फ्रीजमध्ये टायमर आणि बायमेटलऐवजी सेन्सर आणि कार्ड, म्हणजे सर्किट बोर्ड, असतं. मेकॅनिकला मल्टीमीटर घेऊन यायला सांगा. हीटर साधारण १३० ते २५० वॅटचा, म्हणजे मीटरवर २०० ते ४०० ओहमच्या आत काहीतरी दिसायला हवं. काहीच दाखवत नसेल तर हीटर गेला. बायमेटलच्या बाबतीत नवशिके हमखास फसतात. तो फक्त थंडीत जोडला जातो. टेबलावर ठेवून तपासला तर चांगला असूनही तुटलेला दाखवतो, आणि मग चांगला पार्ट कचऱ्यात जातो. माझ्या पहिल्या वर्षी मी असे दोन फेकले होते. तिसऱ्या वेळी उस्तादांनी तो तसाच माझ्या हातातून घेतला, बर्फाच्या ट्रेवर ठेवला, वर ओलं फडकं टाकलं आणि चहा मागवला. चहा संपेपर्यंत मीटर वाजला.

हे पार्ट काही शे रुपयांचे असतात. वर मजुरी. पण एक गोष्ट कुणालाही करू देऊ नका: "फ्यूज मिळत नाही, डायरेक्ट करून देतो." तो फ्यूज काढून वायरी जोडल्या आणि उद्या बायमेटल चिकटून बसला, तर हीटर प्लॅस्टिकच्या भिंतीत तापत राहील. वितळलेल्या भिंतीचे दोन फ्रीज मी बघितलेत. त्यातला एक रात्रीचा होता, आणि घरातल्यांना वासाने जाग आली म्हणून निभावलं.

मेअखेर तुम्ही जो साठा केलात, त्याचाही यात थोडा हात असू शकतो. फ्रीजरच्या मागच्या भिंतीत हवेच्या फटी असतात, त्यांच्यासमोर आमरसाचे डबे ठासले असतील तर पंखा ठणठणीत असूनही उपयोग नाही. मागे आणि वर तीन-चार बोटं जागा मोकळी हवी. आणि एकदम दहा किलो मासळी कोंबू नये. ढोबळ हिशेब करून सांगतो. ३० अंशांवरचं दहा किलो पाणी उणे १८ ला न्यायला सुमारे पाच हजार किलोज्यूल उष्णता बाहेर काढावी लागते. घरगुती कॉम्प्रेसर सेकंदाला शंभर-सव्वाशे ज्यूल उष्णता ओढतो असं धरलं, तर नुसत्या त्याच कामाला अकरा ते चौदा तास न थांबता लागतील. माशात सगळंच पाणी नसतं म्हणून थोडं कमी धरा, पण दारं उघडणं आणि बाहेरची गरमी आहेच. तेवढ्या वेळात आधीचा साठा मऊ पडतो. दोन-तीन किलोची चपटी पाकिटं करून रोज थोडी थोडी भरावीत. चपटी अशासाठी की जाड गोळा बाहेरून गोठतो आणि आत तसाच राहतो.

दाराचं रबरही याच वेळी बघून घ्या. आमच्याकडे दहा रुपयांची नोट दारात अडकवून ओढायची पद्धत आहे. नोट सहज सुटली तर तिथे रबर ढिलं. मला त्याहून मोबाइलचा टॉर्च आवडतो. रात्री लाइट घालवून टॉर्च चालू केलेला मोबाइल फ्रीजरमध्ये ठेवा, दार लावा आणि कडेने उजेड दिसतो का बघा. रबराच्या खाचेतली काळी बुरशी साबणाच्या कोमट पाण्याने काढा. रबर वाकलं असेल तर हेअर ड्रायरने थोडं गरम करून बोटांनी बसवता येतं. फाटलं असेल तर बदलावंच लागतं. कोकणात पावसाळ्यात रबराची एवढीशी फट आठवड्यात वाटीभर हिम करते, आणि मग बिचाऱ्या हीटरला दोष.

आता समजा चोवीस तासांनंतरही थंडी आली नाही. मग मात्र कॉम्प्रेसर-गॅसकडे वळायचं. कॉम्प्रेसर चालू असताना फ्रीजच्या दोन्ही बाजूंना हात लावा. हल्लीच्या फ्रीजमध्ये गरमी बाहेर टाकणाऱ्या नळ्या बाजूच्या पत्र्याआड असतात, त्यामुळे बाजू कोमट-गरम लागायला हव्यात. लोक तक्रार करतात की बाजू तापतात. तापू द्या, ती चांगली खूण आहे. कॉम्प्रेसर तासभर चालतोय आणि बाजू थंडगार, तर गॅस कमी आहे किंवा कॉम्प्रेसर दाब देत नाही. पक्कं करायला झाकण काढून कॉईल बघायची. पूर्ण कॉईलवर सारखं पातळ हिम असेल तर गॅस बरोबर. पहिल्या दोन-तीन वळणांवरच हिम आणि पुढे कोरडी, तर गॅस कमी किंवा नळी मधेच तुंबलेली, म्हणजे चोकअप. तुमच्या मेकॅनिकने झाकण काढलं होतं का? पाच मिनिटांत ते होत नाही.

गॅस खरंच भरावा लागला तर काम कसं व्हायला हवं हे ऐकून ठेवा. आधी नायट्रोजनचा दाब भरून साबणाच्या फेसाने गळती शोधायची आणि ती जागा बंद करायची. मग नळ्यांतली ओल शोषणारा ड्रायर फिल्टर नवा टाकायचा. पंप लावून अर्धा तास तरी नळ्यांतली हवा ओढून व्हॅक्युम करायचा. आणि मग गॅस वजनकाट्यावर मोजून भरायचा, अंदाजाने नाही. फ्रीजच्या मागच्या पट्टीवर गॅसचं नाव आणि ग्रॅम छापलेले असतात. हल्लीच्या बऱ्याच फ्रीजमध्ये आर-६००ए असतो, तोही चाळीस-पन्नास ग्रॅमच. तिथे दहा ग्रॅम इकडेतिकडे झाले तरी फ्रीज रुसतो. शिवाय तो पेट घेणारा गॅस आहे, कॉम्प्रेसरवर ज्वालेचं चित्र असलेला पिवळा त्रिकोण दिसेल. तसा त्रिकोण असताना कुणी गॅस नीट बाहेर न सोडता स्वयंपाकघरात नळ्या जोडायचा ज्वालेचा टॉर्च पेटवायला लागला, तर त्याला आधी अंगणात काढा. बिलावर गॅसचं नाव आणि वजन लिहून मागा. कॉम्प्रेसरची दहा वर्षांची वॉरंटी दाखवून कुणी धीर देत असेल तर वॉरंटी कार्ड नीट वाचा. ती बहुतेकदा फक्त कॉम्प्रेसरच्या डब्याची असते, गॅस आणि मजुरीची नाही.

गळती होते कुठे? किनाऱ्यावर खारी हवा तांब्या-अॅल्युमिनियमचे सांधे खाते. आणि चिपळुणात २२ जुलै २०२१ च्या पुरात जे फ्रीज बुडाले, त्यांतले बरेच धुऊन-वाळवून चालू झाले. पण भिंतींच्या फोममध्ये मुरलेलं पाणी लोखंडी नळ्यांना आतल्या आत गंजवत राहतं. तुमचा फ्रीज सात वर्षांचा म्हणजे त्याने तो पूर पाहिलेला असू शकतो. त्यात बुडाला असेल आणि गळती भिंतीच्या आत निघाली, तर त्यावर पैसे घालू नका, हे मी माझ्या बहिणीलाही सांगितलंय.

हे वाचणाऱ्या ज्यांच्याकडे सिंगल डोअर आहे, त्यांच्याकडे गळतीचं पहिलं कारण सुरी. बर्फाला चिकटलेलं मटणाचं पाकीट सुटेना म्हणून टोक घातलं, फुस्स झालं, संपलं. तिथे फ्रीजरची पेटी हीच कॉईल असते. बोटभर हिम झालं की डिफ्रॉस्टचं बटण दाबायचं, एवढंच काम आहे.

आणखी एक बिघाड, ज्यात फ्रीज गारच होत नाही आणि मागून दर दोन-चार मिनिटांनी "कट्" असा आवाज येतो. कॉम्प्रेसर उठायचा प्रयत्न करतोय आणि ओव्हरलोड, म्हणजे जास्त ताण आला की वीज तोडणारा स्विच, त्याला पाडतोय. आधी व्होल्टेज बघा. संध्याकाळी गावाच्या टोकाला १७०-१८० वर येतं, तेवढ्यात साधा कॉम्प्रेसर उठत नाही. स्टॅबिलायझर लावा. व्होल्टेज ठीक असेल तर कॉम्प्रेसरच्या बाजूचा, त्याला सुरू करून देणारा पीटीसी रिले काढून कानाशी हलवा, खुळखुळ वाजला तर आतली चकती फुटली. हा पार्ट अगदी स्वस्त आहे आणि या आवाजावर कॉम्प्रेसर बदलायला सांगणारे पुष्कळ आहेत. इन्व्हर्टर कॉम्प्रेसरला मात्र हा रिले नसतो, तिथे कार्ड बघावं लागतं. लाइट गेली-आली की फ्रीज पाच मिनिटं बंद ठेवून मग चालू करायची सवय बरी.

निफाड-नाशिककडच्या लोकांना डिसेंबर-जानेवारीत वेगळाच अनुभव येतो: खाली सगळं छान आणि फ्रीजर मऊ. काही मॉडेल्समध्ये थर्मोस्टॅट खालच्या कप्प्यात असतो. थंडीच्या रात्री खोलीच इतकी गार की त्याला वाटतं काम झालं, आणि कॉम्प्रेसर उठतच नाही. तो बिघाड नाही. फ्रीज उबदार खोलीत हलवा.

आता तुमची सुरमई. चोवीस तास ती जाणार कुठे? शेजारी जागा असेल तर उत्तम. नसेल तर थर्माकोलची पेटी आणि मार्केटमधून बर्फाचा चुरा आणा. पाकिटं प्लॅस्टिकमध्ये घट्ट बांधा, चुऱ्यात मूठ-दोन मूठ खडेमीठ मिसळा म्हणजे तो शून्याच्या खाली राहतो, आणि पेटीचं झाकण चिकटपट्टीने बंद करा. हलवण्याआधी प्रत्येक पाकीट दाबून बघा. आत अजून बर्फाचे कण करकरत असतील तर पुन्हा गोठवायला हरकत नाही, चव थोडी उतरेल. सुटलेली पण फ्रीजइतकी गार असेल तर आजच शिजवा. पूर्ण सुटून दोन तासांहून जास्त वेळ गरम पडली असेल तर टाकून द्या, वास येत नसला तरी. कोळंबीच्या बाबतीत तर मुळीच हळहळू नका. आमरसाच्या डब्याचं झाकण फुगलं असेल किंवा बुडबुडे दिसले तर तोही गेला.

पुढच्यासाठी फ्रीजरमध्ये वाटीभर पाणी गोठवून त्यावर रुपयाचं नाणं ठेवा. गावाहून परत आलात आणि नाणं वाटीच्या तळाशी गोठलेलं दिसलं, तर मधे लाइट जाऊन सगळं एकदा वितळलं होतं, हे कळतं. गच्च भरलेला फ्रीजर दार न उघडता दोन दिवस तग धरतो, अर्धा भरलेला एक दिवस.

तर चोवीस तास झाले की मला तीन गोष्टी कळवा: दुसऱ्या सकाळचा फ्रीजरचा आकडा, बाजू गरम लागतात का, आणि पंख्याचा आवाज परत आला का. पंख्यासाठी फ्रीजरचं दार उघडून चौकटीतलं बटण बोटाने दाबून धरा, कारण काही फ्रीजमध्ये दार उघडलं की पंखा थांबतो. आणि कॅलेंडरवर त्या तारखेला खूण करा. पुन्हा बिघडेपर्यंत किती दिवस गेले, त्यावरून कुठला पार्ट मागवायचा ते ठरवू.